दोन झाडांमध्ये झोळी सुरक्षितपणे टांगणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येथे झोळी म्हणजे बाजारात ज्याला हॅमॉक म्हणतात ती, मोठ्या माणसाने आडवे होण्याची कापडी किंवा जाळीची झोळी, असा अर्थ घ्यावा; तान्ह्या बाळासाठी घरात लुगड्याची बांधतात ती नव्हे. दापोली परिसरातील आमच्या नारळ-सुपारीच्या वाडीत मे महिन्यात पाहुणे येतात, सोबत झोळी आणतात, आणि दरवर्षी जवळजवळ तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरे येथे सविस्तर दिली आहेत. झोळी घट्ट ताणली म्हणजे ती सुरक्षित झाली, हा सर्वांत मोठा गैरसमज आहे, आणि पुढील अनेक उत्तरांत तोच मुद्दा वेगवेगळ्या बाजूंनी येईल.

झोळीसाठी कोणते झाड निवडावे?

ज्या ठिकाणी पट्टा बांधायचा आहे त्या ठिकाणी खोडाचा घेर किमान दोन फूट असावा, झाड जिवंत व निरोगी असावे आणि त्याची मुळे जमिनीत पक्की असावीत. आंबा, फणस, चिंच, करंज यांची जुनी झाडे या कामासाठी उत्तम, कारण त्यांचे खोड जाड, साल भक्कम आणि मुळांचा पसारा मोठा असतो. पट्टा नेहमी मुख्य खोडाभोवतीच बांधावा, फांदीला बांधू नये. फांदी वरून कितीही दणकट दिसली तरी ती खोडाला जेथे जोडलेली असते तेथे आतून फट गेलेली असू शकते.

शेवग्याचे लाकूड ठिसूळ असते, त्यामुळे त्याला झोळी बांधूच नये. गुलमोहराच्या फांद्या वळवाच्या वाऱ्यात सहज मोडतात, म्हणून त्याच्याखाली पडून राहणेही टाळावे. पांगारा आणि काटेसावर यांच्या खोडाला काटे असतात. बिब्ब्याच्या झाडाचा चीक अंगाला लागल्यास त्वचेवर फोड येतात, तेव्हा अनोळखी रानात झाड ओळखता येत नसेल तर माहीतगार माणसाला विचारावे. वडाच्या बारीक लोंबत्या पारंब्यांना कोणी कोणी दोरी बांधतात. त्या वरून कशा धरून आहेत हे खालून दिसत नसल्यामुळे तो प्रकार पूर्णपणे वर्ज्य समजावा.

झाड आतून पोखरलेले आहे की नाही, हे कसे ओळखावे?

प्रथम झाडापासून वीस-पंचवीस पावले दूर उभे राहून ते शेंड्यापर्यंत पाहावे. शेंडा वाळला आहे का, पाने एका बाजूनेच गळली आहेत का, आणि मोडून वरच अडकलेली एखादी वाळकी फांदी आहे का, हे दुरूनच नीट दिसते. अशी अडकलेली फांदी झोळीच्या हलक्या हेलकाव्यानेही खाली येऊ शकते. त्यानंतर जवळ जाऊन बुंधा तपासावा. बुंध्याशी किंवा उघड्या मुळांवर अळंबी उगवलेली असल्यास आतील लाकूड कुजू लागले आहे असे समजावे. वाळवीच्या मातीच्या नळ्या, खोडावरील उभी भेग, सुटलेली साल आणि पोकळ वाजणारे खोड ही सर्व त्या झाडाला सोडून देण्याची कारणे आहेत. आंब्याच्या खोडावर लहान छिद्रे असून त्यांतून भुसा पडत असेल, तर आत भिरूड लागलेला असतो. नारळाच्या खोडातील छिद्रातून तांबूस चिकट द्रव गळत असेल आणि चघळलेल्यासारखा चोथा बाहेर येत असेल, तर ते सोंड्या भुंग्याचे लक्षण आहे, आणि असा माड वरून हिरवा दिसत असतानाही एकाएकी शेंड्यापासून कोसळू शकतो.

वाकलेले झाड म्हणजे धोक्याचे झाड, असे मात्र सरसकट म्हणता येत नाही. समुद्रकिनाऱ्यावरचे माड उजेडाकडे झुकत वाढतात आणि अनेक वर्षे तसेच उभे राहतात. पाहायचे ते बुंध्याजवळच्या जमिनीकडे: एका बाजूची माती उचलली गेली आहे का, तिथे अर्धवर्तुळाकार भेग आहे का, मुळे ताणून तुटलेली दिसतात का? ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरूड, दापोली या भागांतील नारळ, सुपारी आणि आंब्याच्या असंख्य झाडांना आडवे केले. जी उभी राहिली त्यांतील काही तेव्हापासून कलली आहेत. वादळात कललेल्या अशा झाडांना आम्ही आजही झोळी बांधू देत नाही, आणि त्याबद्दल कोणी नाराज झाले तरी आमचा आग्रह कायम असतो.

दोन माडांमध्ये झोळी बांधणे योग्य आहे का?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो, कारण चित्रांत आणि जाहिरातींत झोळी नेहमी माडांमध्येच दिसते. निरोगी, पूर्ण वाढलेल्या माडाचे खोड एका माणसाच्या झोळीचा ताण सहन करू शकते. खरा धोका वरून येतो. काथ्यासह नारळाचे वजन एक किलो किंवा त्याहून अधिक भरते आणि तो पन्नास फुटांवरून पडला तर जमिनीपाशी येताना त्याचा वेग ताशी साठ किलोमीटरच्या आसपास असतो. नारळ पडण्यासाठी वारा लागत नाही. पिकून सुटलेला नारळ भर दुपारच्या शांततेतही पडतो. वाळलेली झावळीही जड असते आणि तिचा देठाकडील भाग टणक असतो. म्हणून झोळीच्या दोन्ही माडांवरील, तसेच ज्यांच्या शेंड्याखाली झोळी येते अशा शेजारच्या माडांवरील, तयार नारळ व वाळक्या झावळ्या आधी काढून घेतल्या असतील तरच तेथे झोळी टांगावी. तसे झालेले नसेल, तर माड फक्त पाहावेत आणि झोळी आंब्याखाली न्यावी.

माडाविषयी आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. आंबा, फणस यांसारख्या झाडांच्या सालीखाली वाढीचा जिवंत थर असतो आणि त्यामुळे लहान जखम हळूहळू भरून निघते. माड आणि पोफळ, म्हणजे सुपारीचे झाड, यांच्या खोडात असा थर नसतो. त्यांना झालेली जखम आयुष्यभर तशीच राहते, तीत पाणी साचते आणि कीड शिरते. म्हणून माडावर चढण्यासाठी पाडलेल्या खाचांमध्ये पट्टा अडकवू नये आणि नवी खाच तर कधीच पाडू नये.

पोफळीला झोळी बांधू नये. तिचे खोड सडपातळ व लवचिक असते, ते आतल्या बाजूस ओढले जाते, आणि झोळी जमिनीला टेकते किंवा झाड मोडते.

झोळी घट्ट ताणून बांधावी की सैल?

सैल. माणूस झोळीत असताना पट्टा आडव्या रेषेशी सुमारे ३० अंशांचा कोन करील इतकी सैल.

कारण असे की झोळीतील माणसाचे वजन दोन्ही पट्टे मिळून उचलतात, पण पट्टा जितका आडवा होत जातो तितका त्याला तेच वजन उचलण्यासाठी अधिक ताण घ्यावा लागतो. ७० किलो वजनाचा माणूस झोळीत निश्चल पडला आहे असे धरू. पट्ट्याचा कोन ३० अंश असेल तर प्रत्येक पट्ट्यावर साधारण ७० किलोइतका ताण येतो. कोन १५ अंश झाला की तो १३५ किलो होतो, १० अंशाला २०० किलो, आणि ५ अंशाला ४०० किलो. म्हणजे ज्याने झोळी तारेसारखी ताणली त्याने माणूस तोच ठेवून दोरी, कडी आणि झाड या तिन्हींवर जवळजवळ सहापट भार घातला. हे आकडे निश्चल माणसाचे आहेत. धपकन बसल्यास क्षणभर ताण याहून बराच वाढतो.

घट्ट झोळी आरामदायकही नसते. तिच्या कडा खांद्यांना दाबतात, तिचा मध्य उथळ राहतो आणि कूस बदलताच माणूस बाहेर फेकला जातो. कॅरिबियन बेटांवरील तैनो लोकांच्या भाषेतून ज्या वस्तूचे नाव जगभर गेले, ती मेक्सिकोच्या युकातान भागात आणि ब्राझीलमध्ये आजही रोजच्या झोपेसाठी वापरली जाते, आणि तेथे ती केळ्यासारख्या खोल बाकात टांगलेली असते. त्यांच्या अनुभवावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

३० अंशांचा कोन मोजायचा कसा?

मोबाइलमधील कोन मोजण्याचे साधन पट्ट्यावर टेकवून पाहता येते. ते नसेल तर साधा हिशोब लक्षात ठेवावा: आडव्या ७ इंचांमागे पट्टा सुमारे ४ इंच उतरला, की कोन ३० अंशांच्या जवळ येतो. मोजमाप झोळीत माणूस बसलेला असताना दुसऱ्याने घ्यावे, कारण रिकामी झोळी वेगळाच कोन दाखवते.

दोन झाडांमध्ये किती अंतर असावे आणि पट्टा किती उंचीवर बांधावा?

साधारण दहा फूट लांबीच्या झोळीसाठी बारा ते सोळा फूट अंतर सोयीचे पडते. अंतर कमी असेल तर झोळी जमिनीला टेकते किंवा पट्टे फार वर न्यावे लागतात; अंतर फार असेल तर पट्टे उंच बांधावे लागतात, आणि जितक्या उंचीवर आडवी ओढ बसते तितका बुंध्यावर व मुळांवर अधिक जोर येतो.

झोळीत बसल्यावर तिचा तळ जमिनीपासून दीड फूट, म्हणजे खुर्चीच्या उंचीवर, असावा असे धरल्यास उंची काढणे सोपे आहे: अंतराच्या साधारण सव्वीस ते तीस टक्के अधिक दीड फूट. तेरा फूट अंतराला पट्टा सुमारे पाच-सव्वापाच फुटांवर, सोळा फुटांना सुमारे सहा फुटांवर येतो. कापड वजनाने ताणले जाते, म्हणून पहिल्यांदा दोन-चार इंच वर बांधून मग खाली घ्यावे. जमीन उताराची असेल तर उंची दोन्ही झाडांच्या बुंध्यापासून न मोजता एका समपातळीपासून मोजावी, नाहीतर झोपलेला माणूस एका टोकाकडे घसरतो.

दीड फुटाहून अधिक उंच झोळी टांगण्याचे कोणतेही कारण नाही. एकावर एक दोन-तीन झोळ्या टांगणे, दरीच्या कडेला, विहिरीवर किंवा ओढ्यावर टांगणे हे प्रकार छायाचित्रासाठी केले जातात आणि त्यांत पडणारा माणूस खरा असतो. झोळीखाली दगड, खुंट, छाटलेल्या बांबूचे टोक, शेगडी, बाटल्या यांपैकी काहीही नसावे.

दोरी वापरावी की पट्टा?

रुंद, विणलेला पॉलिएस्टरचा पट्टा वापरावा. त्याची रुंदी किमान एक इंच, आणि नाजूक सालीच्या झाडासाठी दोन इंच असावी. हा पट्टा भाराखाली फार वाढत नाही. नायलॉन ताणाने लांबतो आणि भिजल्यावर आणखी सैल होतो, त्यामुळे रात्री दीड फुटावर असलेली झोळी पहाटे जमिनीला लागते. बाजारात निळी किंवा हिरवी स्वस्त दोरी नायलॉनची म्हणून दिली जाते, ती बहुधा पॉलिप्रॉपिलीनची असते. उन्हाने तिचे तंतू ठिसूळ होतात आणि हात फिरवला की त्यांची पूड हाताला लागते. तशी दोरी माणसाच्या वजनासाठी वापरू नये.

सुंभाविषयी विचारणारे बहुतेक कोकणातलेच असतात. काथ्याची दोरी वाडीच्या शंभर कामांना उपयोगी आहे, पण ती आतून कुजली तरी बाहेरून कळत नाही आणि खडबडीत असल्याने सालीला घासते. झोळीसाठी ती नको.

झाडाला दोरी बांधल्याने खरोखर इजा होते का?

होते, आणि आमच्या वाडीत तिची खूण आहे. एका कलमी आंब्याला कपडे वाळत घालण्याची बारीक दोरी बांधून ती तशीच राहिली. खोड जाड होत गेले, दोरी सालीत रुतली, आणि आज तेथे खोडाभोवती बांगडीसारखा वळ आहे. पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे सालीच्या आतल्या भागातूनच जाते. सभोवार साल दाबली किंवा कापली गेली तर मुळांना अन्न मिळत नाही, आणि पूर्ण वळसा बसल्यास झाड सावकाश मरते. ते मरण लगेच दिसत नाही, म्हणून त्याचा संबंध कोणी दोरीशी जोडत नाही.

बारीक दोरीचा सारा ताण सालीच्या चिंचोळ्या पट्टीवर येतो. रुंद पट्टा तोच ताण पसरवतो. पट्ट्याखाली दुमडलेले गोणपाट ठेवावे, म्हणजे घासही बसत नाही. खिळे, हूक, स्क्रू खोडात मारू नयेत. झोळी संध्याकाळी उतरवावी, आणि रोज वापरायची असेल तर पट्ट्याची जागा वरखाली बदलत राहावी.

गाठ कोणती मारावी?

शक्यतो गाठ मारूच नये. चांगल्या पट्ट्याच्या एका टोकाला शिवलेला फास असतो. पट्टा खोडाभोवती फिरवून दुसरे टोक त्या फासातून ओढून घेतले की तो खोडावर बसतो, आणि पट्ट्यावर पुढे शिवलेल्या कड्यांपैकी हव्या त्या कडीत झोळी अडकवता येते. झोळी अडकवण्याचा हूक झडप असलेला कॅराबिनर असावा व त्यावर भारक्षमता कोरलेली असावी. किल्ल्यांच्या जुडग्याला लावतात तो दिसायला तसाच असतो, पण माणसाच्या वजनासाठी तो बनवलेलाच नसतो.

गाठ मारावीच लागली तर दोरीचे खोडाभोवती दोन पूर्ण वेढे घ्यावेत, म्हणजे बराचसा ताण वेढ्यांच्या घर्षणावर राहतो, आणि नंतर ताणलेल्या भागावर एकामागोमाग दोन आढी घालून (टोक ताणलेल्या दोरीभोवती फिरवून त्याच वळशातून ओढून घेणे म्हणजे एक आढी) टोक हातभर मोकळे सोडावे. एका ओढीत सुटणारी सुरगाठ येथे चालत नाही, आणि भाराने आवळत जाणारी निरगाठ संध्याकाळी सुटत नाही, मग ती कोयत्याने तोडावी लागते.

एकच झाड आहे. दुसरे टोक घराच्या खांबाला बांधले तर चालेल का?

विटांच्या किंवा जांभ्या चिऱ्यांच्या सुट्या खांबाला, गडग्याला, कुंपणाच्या भिंतीला किंवा फाटकाच्या खांबाला झोळी कधीही बांधू नये. असे बांधकाम वरून येणारे वजन पेलण्यासाठी केलेले असते. आडवी ओढ सहन करण्याची शक्ती त्यात फारच थोडी असते. योग्य कोनात टांगलेली झोळीसुद्धा ७० किलोच्या माणसासह खांबाला सुमारे ६० किलोंनी आडवी ओढते, आणि १० अंशांइतकी घट्ट ताणलेली झोळी त्याच्या तिप्पट. खांब कोसळतो तो झोळीच्या दिशेनेच, म्हणजे आडव्या पडलेल्या माणसाच्या अंगावर, आणि त्याला उठून बाजूला होण्याइतका वेळ मिळत नाही. या पानावरील सर्व सूचनांपैकी एकच पाळणार असाल, तर ही पाळावी.

एकच झाड असल्यास झोळीसाठी मिळणारा लोखंडी स्टँड घ्यावा, किंवा जाणकाराकडून काँक्रीटमध्ये खोल पुरलेला मजबूत खांब उभारून घ्यावा.

झोळीत बसावे आणि झोपावे कसे?

झोळीला पाठ करून उभे राहावे, मागील कड हातांनी पसरवावी, मध्यभागी सावकाश बसावे आणि मग पाय वर घ्यावेत. आत उभे राहू नये, गुडघा टेकून चढू नये. झोपताना सरळ रेषेत न पडता थोडे तिरके पडावे, डोके एका बाजूस व पाय दुसऱ्या बाजूस. त्यामुळे कापड पाठीखाली बरेच सपाट होते.

दोन्ही टोकांना आडवी लाकडी दांडी असलेली झोळी सुंदर दिसते, पण ती सहज उलटते. लहान मुलांसाठी व वृद्धांसाठी ती निवडू नये.

मुलांना झोळीत बसू द्यावे का?

मोठे माणूस हाताच्या अंतरावर असेल तरच. तान्ह्या बाळाला या झोळीत झोपवू नये, कारण बाकदार कापडात त्याची मान पुढे दुमडते आणि नाकातोंडाशी कापड येऊन श्वास कोंडू शकतो. मोठ्या मुलांच्या बाबतीत धोका पीळ बसण्याचा असतो. मुले झोळी गरगर फिरवतात आणि तिच्यात गुंडाळून घेतात. बारीक जाळीच्या झोळीत असा पीळ मानेभोवती बसू शकतो. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने १९९६ साली, आडवी दांडी नसलेल्या छोट्या जाळीदार झोळ्यांत अडकून १२ मुलांचा मृत्यू झाल्यानंतर, तशा सुमारे ३० लाख झोळ्या परत मागवल्या होत्या. म्हणून घरात मुले असल्यास जाळीपेक्षा सलग कापडाची झोळी घ्यावी, आणि वापर संपताच ती काढून ठेवावी.

सार्वजनिक बागेत किंवा जंगलात झोळी बांधता येते का?

परवानगी घेऊनच. महाराष्ट्रातील नागरी भागांना लागू असलेल्या १९७५ च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमात झाड तोडण्याच्या व्याख्येत त्याला कोणत्याही प्रकारे इजा पोहोचवणेही येते. अभयारण्यात व राष्ट्रीय उद्यानात वनखात्याला विचारावे, खासगी वाडीत मालकाला. पायवाटेवर आडवी झोळी टांगू नये. अंधारात ती दिसत नाही.

झोळी टांगल्यावर तपासणी कशी करावी?

आधी दोन्ही हातांनी झोळीचा मध्य खाली दाबावा आणि त्याच वेळी वर पाहावे, काही हलते आहे का. नंतर पाय जमिनीवर ठेवून अर्धे वजन टाकावे, मग पूर्ण बसावे. दहा मिनिटांनी उठून पट्टा घसरला का, गोणपाट सरकले का, शिवण उसवते आहे का, हे पुन्हा पाहावे. फणसाखाली झोळी असेल तर वरच्या फणसांकडेही पाहावे.

आंब्यावर पाने शिवून घरटी करणाऱ्या लाल मुंग्या असल्यास त्या पट्ट्यावरून झोळीत उतरतात, म्हणून आधी खोडावरील त्यांची रांग शोधावी. झोळी रात्रभर बाहेर राहिली असेल तर सकाळी ती उलटून झटकावी. पायताण झटकल्याशिवाय घालू नये, आणि संध्याकाळनंतर टॉर्च लावल्याशिवाय पाय खाली टेकू नये. कोकणात, विशेषतः कातळाच्या आणि पालापाचोळ्याच्या जागी, फुरसे हा विषारी साप असतो.

पावसाळ्यात झोळी बाहेर ठेवली तर?

ठेवू नये. सततच्या पावसाने माती भिजून मऊ होते, मुळांची पकड सैल पडते, आणि जांभ्यावरच्या पातळ मातीत उभी असलेली झाडे वाऱ्याने मुळासकट उपटून येतात. सुती झोळीला बुरशी धरते. वळवाच्या दिवसांत ढगांचा पहिला गडगडाट ऐकू येताच झोळीतून उठून घरात यावे, कारण विजेच्या वेळी झाडाखालची जागा फार धोक्याची असते; झोळी सोडवत बसू नये, ती भिजली तरी चालेल.

जूनच्या आधी झोळी व पट्टे धुऊन सावलीत पूर्ण वाळवावेत आणि कोरड्या जागी, उंदरांपासून दूर, टांगून ठेवावेत. पुढच्या हंगामात बाहेर काढताना प्रत्येक शिवणीवरून बोट फिरवावे. पट्टा कडक झाला असेल, रंग उडून पांढरट पडला असेल किंवा त्याची कड विसविशीत झाली असेल, तर तो झोळीसाठी वापरू नये. भाऱ्या बांधायला तो अजून काही वर्षे उपयोगी पडतो.